खेळाडू एक, संघ चार

फुटबॉल खेळणारा मुलगा उपचाराला आला की त्याचा गुडघा किंवा घोटा हातात घेण्याआधी मी विचारते, सध्या किती संघांकडून खेळतोस? कोल्हापुरात या प्रश्नाचं कुणाला नवल वाटत नाही. शाळेचा संघ असतो, पेठेतल्या तालमीचा छोटा गट असतो, पहाटेची अकादमी असते, आणि पोरगं चमकदार असेल तर जिल्ह्याच्या निवड शिबिराचं बोलावणंही असतं. मुलं अभिमानाने एकेक नाव सांगतात. शेजारी बसलेल्या आईने त्यातलं एखादं कधी ऐकलेलंच नसतं. मग मी कोरा कागद पुढे करते आणि गेल्या महिनाभरातले सामने आणि सराव त्याच्याच हाताने तारीखवार लिहून घेते. पुष्कळदा दुखण्याचं कारण मला तपासणीच्या टेबलाआधी त्या कागदावरच सापडतं.

फिजिओथेरपिस्ट म्हणून या गावात काम करायला लागले तेव्हा माझ्याकडे येणारे बहुतेक जण साठीच्या पुढचे होते. गुडघे झिजलेले, कंबर धरलेली, खांदे आखडलेले. फुटबॉलपटू यायचे ते विशी-पंचविशीचे, तालमीच्या वरिष्ठ संघातले. आता दिवाळी झाली की बाहेरच्या बाकावर जर्सी घातलेली शाळकरी मुलं बसलेली दिसतात. या गावात फुटबॉल कुस्तीच्या अंगानेच वाढला. ज्या तालमींच्या हौद्यात पैलवान तयार झाले त्यांच्याच नावाने संघ उतरतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं इथे नुसती संघांची नाहीत, माणसं ती आपल्या घराण्यासारखी सांगतात. शाहू स्टेडियमवर पेठेविरुद्ध पेठ असा सामना असला की दुकानं लवकर बंद होतात. त्यात 2017 साली आपल्या देशात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. तेव्हापासून आठ-नऊ वर्षांच्या मुलांचे पालकही पहाटे मैदानाच्या कडेला उभे राहायला लागले. मला त्याचा आनंद आहे. मोबाइलमध्ये डोकं घालून बसण्यापेक्षा पोरगं मातीत लोळलेलं हजार पटींनी चांगलं. म्हणूनच पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्याने खेळ सोडून दिला की माझा जीव तुटतो.

वर्षाचं गणित बघा. दिवाळीनंतर स्थानिक हंगाम सुरू होतो आणि साखळी, मग एकामागून एक चषक, असं करत तो पावसाच्या तोंडापर्यंत चालतो. मे महिन्यात शाळेला सुट्टी म्हणून शिबिरं. जून-जुलैत सुब्रतो मुखर्जी चषकाच्या फेऱ्या, आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य. त्या संपतात न संपतात तोवर शालेय क्रीडा स्पर्धा. म्हणजे मोठ्या खेळाडूला निदान विश्रांतीचे चार-सहा आठवडे मिळतात, पण चौदा वर्षांच्या गुणी मुलाला तेवढेही मिळत नाहीत. शाळेच्या सरांना वाटतं, आपण तर आठवड्याला दोनच सामने खेळवतो. तालमीच्या दादांना वाटतं, आपला तर रविवारचा एकच. अकादमीचे प्रशिक्षक म्हणतात, आमच्याकडे सामने नाहीतच, फक्त सराव. तिघंही खरं बोलत असतात. या तिन्हींची बेरीज मात्र कुणीच करत नाही, कारण ती करणं कुणा एकाचं काम नाही.

बार्सिलोनाचा पेद्री आठवा. 2020-21 च्या हंगामात तो अठरा वर्षांचा होता. क्लबसाठी खेळला, युरो खेळला, लगेच टोकियोला जाऊन ऑलिंपिक खेळला. सगळे मिळून 73 सामने झाले. पुढच्या हंगामात मांडीच्या दुखापतीने तो कित्येक महिने बाहेर बसला. त्याच्या दिमतीला जगातले उत्तम डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते. आमच्या मुलाच्या दिमतीला एक क्रेप बँडेज आणि दुखऱ्या जागी मारायचा स्प्रे असतो. मी मुलांना हे उदाहरण मुद्दाम देते, कारण माझं नाही ऐकलं तरी पेद्रीचं ऐकतात.

मुलाचं शरीर म्हणजे मोठ्या माणसाचं लहान माप नव्हे. सगळा घोळ इथे होतो. मुलगे साधारण तेरा-चौदाव्या वर्षी, मुली त्याच्या दीड-दोन वर्षं आधी, झपाट्याने उंच होतात. एका वर्षात आठ-दहा सेंटीमीटरही वाढतात. या काळात हाडं आधी लांबतात, स्नायू मागून येतात. शिवाय हाडाच्या ज्या टोकाला स्नायूची दोरी चिकटलेली असते तो भाग अजून पुरता हाड झालेला नसतो, कूर्चेचा असतो. ओल्या सिमेंटात हुक रोवावा आणि रोज त्याला हिसके द्यावेत, तसं होतं. गुडघ्याच्या खाली नडगीवर टेंगूळ येतं, हात लावू देत नाही इतकं दुखतं, जिना उतरताना पोरगं कळवळतं. याचं वर्णन बोस्टनच्या ऑसगुड आणि झुरिचच्या श्लाटर या दोन डॉक्टरांनी वेगवेगळं पण एकाच वर्षी, 1903 साली केलं, म्हणून दुखण्याला त्यांची जोडनावं आहेत. त्याहून लहान मुलांत, दहा-बारा वर्षांच्या, तेच टाचेला होतं. आई घाबरून विचारते, गाठ आहे का हो मॅडम? गाठ नसते. वाढ थांबली की दुखणंही बहुतेकांचं थांबतं. पण तोवर उड्या, धावणं आणि लाथा यांचं प्रमाण कमी-जास्त करत राहावं लागतं. सगळा खेळ बंद करायची गरज क्वचितच पडते. हे दोन्ही सांगावं लागतं, कारण अर्धे पालक खेळ कायमचा बंद करायला निघतात आणि उरलेले गोळी देऊन संध्याकाळी मैदानात पाठवतात.

म्हणून मी घरोघरी एक काम लावून दिलंय. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी पेन्सिलीने उंचीची रेघ मारायची आणि बाजूला तारीख लिहायची. दोन रेघांमधलं अंतर एकदम वाढलं की मला फोन करायचा. खर्च शून्य. त्या काही महिन्यांत मुलगा अडखळतो, चेंडू पायातून निसटतो, नेहमीचा पास चुकतो. हातापायांची लांबी बदललेली असते आणि मेंदूला अजून तिची सवय झालेली नसते. प्रशिक्षक म्हणतात, याचं लक्ष नाही, आणि शिक्षा म्हणून मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावतात. नेमक्या ज्या दिवसांत भार कमी करायचा त्याच दिवसांत तो वाढतो.

एका पंधरा वर्षांच्या मुलाचं सांगते. लांबून जोरदार फटका मारताना त्याच्या कमरेच्या पुढच्या हाडापाशी कट्कन आवाज झाला आणि तो जागीच बसला. सगळे म्हणाले, शीर भरलीय. आठवडाभर रोज संध्याकाळी गरम तेलाने रगडून मालिश झाली. मालिश करणारे काका मायेचे होते, त्यांच्या हाताने अनेक पैलवान उभे राहिलेत. पण पंचविशीच्या पैलवानाचा स्नायू फाटतो, पंधराव्या वर्षी मात्र स्नायूपेक्षा हाडाचं ते कोवळं टोक आधी सुटतं. क्ष-किरण काढला तेव्हा हाडाचा कपचा जागेवरून निघालेला दिसला. रगडण्याने त्याचं दुखणं लांबलं. एवढ्यावरून मी मालिशीच्या विरोधात नाही, थकलेल्या पायांना तिचा आराम मी रोज बघते. पण वाढत्या वयाच्या मुलाला एकाएकी आवाज होऊन दुखलं आणि पाय उचलता येईना, तर पहिल्यांदा क्ष-किरण, तेल नंतर. घोट्याचंही तसंच. मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर बोट दाबल्यावर कळ येत असेल तर फोटो काढायलाच हवा.

मुरगळलेला घोटा हे आमच्याकडचं सगळ्यात जास्त येणारं आणि सगळ्यात कमी मनावर घेतलं जाणारं दुखणं आहे. सूज उतरली, पोरगं चालायला लागलं की सगळ्यांच्या लेखी ते बरं झालं. मी त्याला एका पायावर उभं करते आणि डोळे मिटायला सांगते. धडपडतो. लिगामेंट जुळलेलं असतं पण पाय नेमका कुठे आणि कसा टेकलाय याची जाण परत आलेली नसते, आणि ती सराव केल्याशिवाय येत नाही. पुन्हा त्याच घोट्याला मार बसतो, किंवा तो घोटा वाचवता वाचवता दुसऱ्या बाजूचा गुडघा जातो. पुढच्या दुखापतीचं सगळ्यात खात्रीचं भाकीत कशावरून करता येतं, तर आधीच्या दुखापतीवरून. क्रीडावैद्यकातल्या अभ्यासांत हे इतक्यांदा दिसलंय की त्याबद्दल वाद उरलेला नाही. तरीही मुलगा दुखणं लपवतो. का लपवतो तेही मला कळतं. बाकावर बसला तर जागा दुसऱ्याला जाते. राज्यस्तरापर्यंत खेळला तर दहावीला वाढीव गुण आहेत, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. रिक्षा चालवणाऱ्या, फाउंड्रीत राबणाऱ्या बापाच्या घरात या गोष्टींचा अर्थ काय असतो ते दवाखान्याच्या खुर्चीत बसून हलकं मानायचा मला अधिकार नाही. ‘मॅडम, रविवारी सेमीफायनल हाय, तेवढी खेळू द्या, मग महिनाभर बसवतो’ असं कुणी म्हणालं की मी रागावत नाही. खेळला तर काय होऊ शकतं आणि नाही खेळला तर किती दिवसांत पुरता बरा होईल, हे दोन्ही मुलाच्या देखत सांगते. मुलाच्या देखत सांगणं महत्त्वाचं, कारण पाय त्याचा आहे.

डोक्याच्या बाबतीत मात्र मी असली चर्चा करत नाही. दोघांची डोकी आपटली, एकाला क्षणभर अंधारी आली, तोंडावर पाणी मारलं आणि परत उभा केला, हे मी मैदानाच्या कडेला बसून पाहिलंय आणि प्रत्येक वेळी आत धावत गेले आहे. मेंदूला हिसका बसल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी खेळ संपला. अमेरिकेने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्याने चेंडू मारायला 2015 मध्ये बंदी घातली, इंग्लंडने 2020 मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून हेडिंग काढून टाकलं. आपल्याकडे आठ वर्षांच्या मुलांना हेडिंगच्या रांगेत उभं करतात. ते थांबवायला कोणत्याही निधीची गरज नाही.

वयाच्या गटांबद्दलही बोललं पाहिजे. चौदा वर्षांखालच्या दोन संघांना एका ओळीत उभं करून बघा. एकाला मिसरूड फुटलेली, दुसरा त्याच्या खांद्याला लागतो. दोघांचे जन्मदाखले अगदी खरे असले तरी हाडांच्या वयात दोन-तीन वर्षांचं अंतर असू शकतं. त्यात कुणी खोटा दाखला आणला तर चेंडूवर झेपावणारा लहानखुरा मुलगा पुरुषाच्या वजनाखाली सापडतो. इंग्लंडमधल्या अकादम्या अधूनमधून जन्मतारखेऐवजी शारीरिक वाढीनुसार गट पाडून सामने खेळवतात. आपल्याला रोज ते जमणार नाही, पण सरावात जोड्या लावताना तरी प्रशिक्षकाने उंची-वजन बघावं. आणि जो खोटा दाखला आणतो तो चषकासाठी दुसऱ्याच्या मुलाची हाडं पणाला लावतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

झोपेचा प्रश्न निघाला की पालक अवघडतात. साडेपाचला मैदान, मग शाळा, मग क्लास, रात्री अकराला अभ्यास संपतो. लॉस एंजेलिसच्या शाळकरी खेळाडूंचा एक अभ्यास 2014 साली आला होता. आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापतीची शक्यता 1.7 पट आढळली. पहाटेचा सराव आठवड्यातून दोन दिवस रद्द करून मुलांना झोपू द्या, असं मी सुचवते तेव्हा लोकांना ते आळसाचं वाटतं. मला ते उपचाराइतकंच मोलाचं वाटतं.

आता जे हमखास करता येतं ते. फिफाच्या वैद्यकीय केंद्राने इतर संशोधकांबरोबर वॉर्मअपचा एक क्रम तयार केला, त्याला ‘अकरा प्लस’ म्हणतात. वीस मिनिटं लागतात. आधी हलकं धावणं, मग पोट-पाठ-मांडीची ताकद, तोल, नीट उडी मारून नीट उतरणं, शेवटी वळणांसह वेगाने धावणं. चेंडू आणि मैदान सोडून काही लागत नाही. नॉर्वेतल्या तेरा ते सतरा वर्षांच्या सुमारे 1900 मुलींवर त्याची चाचणी झाली, 2008 साली निष्कर्ष आले, आणि एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी भरल्या. पुढे लहान मुलांसाठी वेगळा क्रम तयार झाला. युरोपातल्या चार देशांत सात ते तेरा वर्षांच्या जवळजवळ 3900 मुलांवर तो करून पाहिला तेव्हा दुखापती 48 टक्क्यांनी घटल्या. इतका स्वस्त आणि इतका गुणकारी उपाय माझ्या अख्ख्या व्यवसायात दुसरा नाही.

पण तो मैदानावर रुजवणं सोपं नाही. मी एका तालमीच्या लहान गटाकडे गेले तेव्हा प्रशिक्षक सरांनी सरळ सांगितलं, ‘मॅडम, मैदान आमाला एकच तास मिळतंय. त्यातली वीस मिंटं ह्यात घालवली तर खेळायचं कधी?’ त्यांचं खरंच होतं. एका मैदानावर तीन-तीन संघ पाळीने सराव करतात. गांधी मैदानासारखी मोकळी जागा पावसाळ्यात पाण्याने भरते, तेव्हा अडचण दुप्पट होते. शेवटी आम्ही असं ठरवलं की आधीचा संघ आत खेळत असताना आपण रेषेबाहेर थांबतो, तो वेळ यासाठी वापरायचा. पोरांनी सुरुवातीला कंटाळा केला. मांडीच्या मागच्या स्नायूंचा तो गुडघ्यावर बसून पुढे झुकायचा व्यायाम तर सगळ्यांना नकोसा होता, दुसऱ्या दिवशी बसता-उठता येईना. मग क्रम घ्यायची जबाबदारी सरांनी गोलकीपरकडे सोपवली. तो पोरांचा लाडका आणि आवाज खणखणीत, त्यामुळे गाडी रुळावर आली. एक खूणगाठ मात्र बांधली पाहिजे, आठवड्याला निदान दोनदा, हंगामभर, न चुकता केलं तरच उपयोग. पहिले पंधरा दिवस जोरात आणि मग हळूहळू बंद, असं झालं तर हाती काही लागत नाही. आता त्या गटातली मुलं उडीवरून उतरताना गुडघे वाकवून, पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून उतरतात. मला कडेवरून ते दिसतं आणि फार बरं वाटतं.

हे नीट उतरणं मुलींसाठी तर फारच महत्त्वाचं आहे. आमच्याकडे मुली जोमाने खेळायला लागल्यात, शाळांचे संघ चुरशीचे झालेत. गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट तुटण्याचा धोका मुलींना मुलग्यांच्या दुप्पट-तिप्पट असतो. बहुतेक वेळा कुणी धक्का मारलेला नसतो. धावता धावता एकदम वळताना किंवा उडीवरून एका पायावर येताना गुडघा आत झुकतो आणि तुटतं. 2023 च्या महिला विश्वचषकाला इंग्लंडच्या लिआ विल्यमसन आणि बेथ मीड, नेदरलँड्सची मिडेमा, या सगळ्या याच दुखापतीने मुकल्या. शरीराची ठेवण हे त्यामागचं एक कारण आहेच, पण मुलींना ताकदीचा व्यायाम कुणी नीट शिकवत नाही, सरावाला उरलेलं मैदान देतात, बूट भावाचे जुने घालून खेळायला लावतात, हीदेखील कारणं आहेत आणि ती बदलणं आपल्या हातात आहे. पाळी अनियमित झाली, खाणं कमी पडलं तर हाडं कमकुवत होतात. याबद्दल त्या पुरुष प्रशिक्षकांशी बोलू शकत नाहीत. प्रत्येक मुलींच्या संघासोबत एक तरी बाई असावी, हा माझा आग्रह त्यासाठीच.

सध्या माझ्याकडे एक सोळा वर्षांची मुलगी येते. मधल्या फळीत खेळते, आणि फार सुंदर खेळते. एसीएलची शस्त्रक्रिया होऊन आठवा महिना चालू आहे. चालते-धावते, सायकलवरून शाळेला जाते, बघणाऱ्याला काही कळणार नाही. नेमकं याच टप्प्यावर सगळ्यात सांभाळावं लागतं. नॉर्वेतल्याच एका अभ्यासात दिसलंय की नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं जितकं पुढे ढकलाल तितका, दर महिन्यागणिक, गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका साधारण निम्म्याने उतरतो. आणि पंचविशीच्या आतले जे खेळाडू परत खेळायला लागतात त्यांच्यातल्या जवळपास चौघांतल्या एकाचं त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याचं लिगामेंट पुन्हा तुटतं. हे आकडे मी तिला पहिल्याच महिन्यात सांगितले होते.

तिचे वडील परवा एकटेच आले. राज्याच्या निवड चाचणीची तारीख लागली होती. ‘एवढं एक वर्ष गेलं तर पुढं तिचं वय बसत न्हाई गटात,’ म्हणाले. मी त्यांना तिची वही दाखवली. दुखापत झाली त्या महिन्यातल्या तारखा तिने स्वतः लिहिल्या आहेत. शाळेचे सामने, अकादमीचे सामने, एका निमंत्रित स्पर्धेसाठी रात्रीचा एसटी प्रवास आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा सामना. त्यांनी पान दोनदा वाचलं. मग विचारलं, आता कशाची वाट बघायची? मी सांगितलं, एका पायाच्या लांब उडीची. ऑपरेशन झालेल्या डाव्या पायाची उडी उजव्याच्या निदान नव्वद टक्के भरली पाहिजे, मांडीची ताकदही तेवढीच, आणि उतरताना गुडघा आत जाता कामा नये. मागच्या मोजणीत ती ब्याऐंशीवर होती. पुढची मोजणी महिन्याच्या शेवटी आहे, चाचणी त्याच्या आठ दिवस आधी. वडिलांनी तिथेच बसून तिच्या प्रशिक्षकांना फोन लावला आणि या वेळी ती येणार नाही म्हणून सांगितलं. पलीकडून बराच वेळ समजावणं चाललं होतं. ते फक्त ‘न्हाई सर, न्हाई’ म्हणत राहिले.